व्हिनाइलवरचे लॅमिनेशन : हाताने की यंत्रावर?

या खेपेस आलेली बहुतेक पत्रे साइनबोर्डाच्या व्यवसायातील वाचकांची असून ती सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांतून आली आहेत. छापील व्हिनाइलवर (मागे गम असलेल्या प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर) चढवायची पारदर्शक फिल्म, म्हणजेच लॅमिनेशन, हा त्या सर्वांचा विषय असल्याने त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहोत.

प्रश्न : विश्रामबागेत आमचे रेडियम आणि स्टिकरचे दुकान आहे. छपाई आम्ही कुपवाड एमआयडीसीतील एका युनिटमधून इको-सॉल्व्हंट (द्रावकयुक्त शाईच्या) मशीनवर करून आणतो आणि लॅमिनेशन मी स्वतः दुकानातील टेबलावर स्क्विजीने (दाबून फिरवायच्या सपाट पट्टीने) करते. दीड-दोन फुटांच्या पाट्या चांगल्या होतात. आता मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत्यांनी ४ × ८ फुटांचे बोर्ड सांगितले आहेत आणि ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्यांचीही कामे येऊ लागली आहेत. मोठ्या तुकड्यात मध्येच हवा राहते, सुरकुती कोपऱ्याकडे पळते आणि महिन्याभरात कडा उचलू लागतात. माझे दीर म्हणतात की हात बसला की यंत्राची गरज नाही. यंत्र घ्यावे का? — एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : आपल्या दिरांचे म्हणणे दोन फुटांपर्यंत खरे आहे, त्यापुढे नाही. आणि त्यापुढे ते खरे न राहण्याचे कारण आपल्या हाताच्या कौशल्यात नसून साध्या हिशेबात आहे.

नेहमीच्या स्क्विजीची धार सुमारे ४ इंच रुंद असते. आधीच्या जागेवर निम्मी धार चढवत गेल्यास प्रत्येक वेळी २ इंच नवी जागा दाबली जाते, म्हणजे ४ फूट रुंदीच्या बोर्डाला एकदा आडवे पार करायचे तर २४ वेळा हात मारावा लागतो, आणि ८ फूट लांबी संपेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करावे लागते. यातील प्रत्येक दोन हातांच्या मधली रेघ ही हवा अडकण्याची जागा असते. शिवाय प्रत्येक वेळी दाब सारखा पडत नाही. टेबलाच्या आपल्या बाजूला तो भरपूर पडतो आणि पलीकडच्या कडेला, हात लांबवून दाबताना, कमी पडतो. यंत्रात रसवंतीच्या चरकासारखे दोन रोलर एकमेकांवर दाबून बसवलेले असतात आणि पूर्ण रुंदी एकाच रेषेत, एकाच वेळी त्यांच्या चिमटीत सापडते. त्यामुळे हवेला मागे, म्हणजे अजून न चिकटलेल्या बाजूला, सरकण्यावाचून दुसरी वाट उरत नाही. हाताने काम करताना मात्र हवेला चहूकडे वाटा मोकळ्या असतात आणि आपण त्यांतील एकेक बुजवत तिला मध्ये कोंडत जातो.

दाबाला एवढे महत्त्व असण्याचे कारण लॅमिनेशनच्या गममध्ये आहे. तो दाबाने धरणारा गम असतो. छापील पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसला तरी त्यावर शाईचे सूक्ष्म उंचवटे असतात, आणि त्यांच्या मधल्या खोलगट जागेत गम उतरावा लागतो. पहिल्या दाबाने तो जितका उतरेल त्यावर पुढची पकड ठरते; ती साधारण २४ तासांत पूर्णत्वास जाते. म्हणून लॅमिनेशन झाल्या झाल्या प्लॉटरवर कटिंगला लावण्यापेक्षा तुकडा एक रात्र सपाट ठेवावा.

आता कडा उचलण्याविषयी. हा दोष मी सर्वस्वी हाताला देणार नाही, कारण यंत्रावर केलेल्या कामातही तो तितकाच दिसतो. त्याची दोन कारणे असतात आणि आपल्या बाबतीत दोन्ही एकत्र आली असावीत. पहिले कारण म्हणजे ओढ. मोठा तुकडा एकट्याने लावताना सुरकुती टाळण्यासाठी फिल्म ताणून धरली जाते. पीव्हीसीची फिल्म ताणली की थोडी लांबते आणि चिकटल्यावर हळूहळू आपल्या मूळ मापाकडे परत येऊ पाहते. ती आकसताना खालच्या व्हिनाइललाही सोबत ओढते आणि कडा वर वळते. मध्ये जेथे पकड कच्ची असेल तेथे बोगद्यासारखी लांबट पोकळी उभी राहते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे, आणि बहुतेक दुकानांत त्याकडेच दुर्लक्ष होते. ते म्हणजे न वाळलेली छपाई. इको-सॉल्व्हंट मशीनमधून निघालेला प्रिंट काही मिनिटांत हाताला कोरडा लागतो, पण शाईतील द्रावक व्हिनाइलच्या आत मुरलेला असतो आणि तो उडून जायला वेळ लागतो. किमान २४ तास थांबावे. काळ्या, गडद निळ्या किंवा गडद लाल पार्श्वभूमीच्या कामाला ४८ तास द्यावेत. हळदीच्या अडतीच्या बोर्डावर पिवळ्याखाली लाल पट्टा असतोच, आणि त्या पट्ट्याचीच कड आधी उचलताना आपल्याला दिसली असेल, तर रोग ओळखण्यासाठी वेगळी परीक्षा नको. द्रावक आत असतानाच वरून फिल्म चढवली तर त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. तो खालच्या गमला मऊ करतो, व्हिनाइल ढिले पडते आणि कापलेल्या कडेपासून आकसू लागते. कुपवाडहून आणलेला रोल घट्ट गुंडाळलेला असेल तर तो दोन दिवस तसाच ठेवूनही आतून वाळणार नाही. सैल सोडून, शक्य तर जाळीवर उभा ठेवावा, म्हणजे हवा वरून खालपर्यंत फिरते. नाकाजवळ नेल्यावर शाईचा उग्र वास येत असेल तर लॅमिनेशन पुढे ढकलावे, गिऱ्हाईक दारात उभे असले तरी. ज्या युनिटमध्ये लॅटेक्स (पाण्यावर आधारित शाई उष्णतेने लगेच वाळवणारे) मशीन आहे तेथील प्रिंट त्याच दिवशी लॅमिनेट करता येतो. घाईच्या कामासाठी ही सोय लक्षात ठेवण्यासारखी आहे.

छोट्या पाट्या आपण हातानेच कराव्यात असे मी सुचवीन, कारण फूट-दीड फुटाच्या तुकड्यासाठी यंत्रावर रोल चढवणे, सरळ धार लावणे आणि पुढची-मागची फिल्म वाया घालवणे परवडत नाही. पद्धत मात्र नेमकी हवी. प्रिंट मागच्या कागदासह काचेच्या किंवा गुळगुळीत सनमायकाच्या टेबलावर मास्किंग टेपने बसवावा. फिल्म चारही बाजूंनी एकेक इंच मोठी कापावी. तिच्या एका टोकाचा रिलीज पेपर (गमवरचा सोलून काढायचा कागद) दोन बोटे रुंद दुमडून घ्यावा आणि तेवढीच पट्टी प्रिंटच्या पलीकडे टेबलावर येईल अशी चिकटवून तिची सरळ रेघ पाहून घ्यावी, कारण येथे केसभर तिरके गेले तर दीड फुटावर ते बोटभर होते. मग उरलेली फिल्म मागे कमान करून सोडावी, ओढू नये. डाव्या हाताने खालून रिलीज पेपर थोडा थोडा बाहेर काढत राहावे आणि उजव्या हाताने स्क्विजी मध्यापासून कडेकडे, सुमारे ४५ अंशांत धरून, न थांबता न्यावी. स्क्विजीच्या धारेला फेल्टची पट्टी हवी, नाहीतर ग्लॉसी फिल्मवर ओरखडे उमटतात. रिलीज पेपर एकदम पूर्ण काढून फिल्म वरून सोडण्याची घाई करणाऱ्याला पुढचा अर्धा तास सुई घेऊन बुडबुडे फोडत बसावे लागते.

साबणाच्या पाण्याचा वापर येथे करू नये. काचेवर व्हिनाइल चिकटवताना ती युक्ती उपयोगी पडते, पण प्रिंट आणि लॅमिनेशन या दोन प्लास्टिकच्या थरांमध्ये अडकलेले पाणी लवकर निघत नाही, दुधाळ डाग राहतात आणि साबणाचा अंश गमची पकड कमी करतो.

यंत्र घ्यायचेच झाले तर रुंदी आधी ठरवावी. चार फुटी रोल म्हणजे १,२१९ मिलिमीटर, तेव्हा १,३०० मिलिमीटरचे यंत्र त्याला पुरते. पाच फुटी रोलचे काम असेल तर १,६०० मिलिमीटरचे पाहावे. हाताने हँडल फिरवायचे यंत्र स्वस्त असते आणि वीज गेली तरी चालते, पण एकाने फिरवायचे आणि एकाने प्रिंट सरळ धरायचा अशी दोन माणसे लागतात. मोटरच्या यंत्रावर पायाने चालवायचा स्विच असला तर एकटी व्यक्तीही काम करू शकते. महिन्याला दोन-चारच मोठे बोर्ड असतील तर मात्र यंत्रात पैसे गुंतवू नयेत. ज्या युनिटमध्ये छपाई होते तेथूनच चौरस फुटाच्या दराने लॅमिनेशन करून आणावे. हिशेब करताना यंत्राच्या किमतीशेजारी वाया जाणाऱ्या चौरस फुटांची किंमत लिहावी, आणि त्यात केवळ फिल्म नव्हे तर तिच्याखाली खराब झालेला प्रिंटही धरावा. लॅमिनेशन बिघडले की छपाईही गेली, ही या कामाची खरी गोम आहे. याच कारणाने सनबोर्डवर (प्लास्टिक फोमच्या कडक फळीवर) प्रिंट आधी चिकटवून मग त्यावर फिल्म चढवण्याची पद्धत मला पसंत नाही, कारण त्यात बिघाड झाल्यास बोर्डही जातो. आधी लॅमिनेशन करून मग चिकटवलेला प्रिंट जाड झालेला असल्यामुळे बोर्डावर बसवायलाही सोपा जातो.

ट्रॉल्यांसाठी लॅमिनेशन हवेच, कारण उसाच्या कांड्यांचा घासरा, डिझेल आणि पाण्याचा फवारा यांपुढे उघडी छपाई एक हंगामही धड काढत नाही. मात्र ट्रॉलीच्या फाळक्याला घड्या आणि पट्ट्या असतात. सुमारे १०० मायक्रॉनच्या साध्या व्हिनाइलवर तेवढ्याच जाडीची फिल्म चढली की ती जोडी घडीच्या खाचेत बसत नाही. बसवली तरी उन्हात परत उठते. यात हात की यंत्र हा प्रश्नच येत नाही. एक तर पातळ कास्ट व्हिनाइल (द्रवरूपात ओतून बनवलेले, वळणात सहज बसणारे) आणि कास्टचेच लॅमिनेशन घ्यावे, नाहीतर खाचेवर प्रिंट कापून प्रत्येक सपाट पट्टा वेगळा लावावा.

प्रश्न : साताऱ्यात मी जुने मोटरचे कोल्ड लॅमिनेशन (दाबाने फिल्म चिकटवणारे) मशीन घेतले आहे. उजव्या बाजूला तिरप्या सुरकुत्या पडतात आणि यूव्ही (अतिनील प्रकाशाने वाळणाऱ्या शाईच्या) प्रिंटवर चंदेरी झाक दिसते. मशीनच खराब निघाले काय? — एक वाचक, सातारा

उत्तर : तेवढ्यावरून मशीन खराब म्हणता येणार नाही. तिरपी सुरकुती हे बहुधा दोन बाजूंचा दाब सारखा नसल्याचे लक्षण असते. वहीच्या कागदाच्या सारख्या रुंदीच्या दोन पट्ट्या कापा, रोलरच्या दोन्ही टोकांना एकेक ठेवून रोलर खाली घ्या आणि दोन्ही पट्ट्या ओढून पाहा. एक सहज निसटली आणि दुसरी फाटली, तर दाबाचे चाक कोणत्या बाजूला किती फिरवायचे ते तेथेच कळते. दोन्ही पट्ट्या सारख्याच कष्टाने निघेपर्यंत हे करावे. त्यानंतरही सुरकुती राहिली तर फिल्मचा रोल त्याच्या दांड्यावर सरळ बसला आहे का आणि त्याचा ब्रेक फार आवळलेला नाही ना, हे पाहावे. फिल्म सपाट राहील एवढीच ओढ पुरे. सुरकुती घालवण्यासाठी ब्रेक आवळणारे बरेच जण भेटतात. सुरकुती जाते, आणि पंधरा दिवसांनी कडा वळतात.

रोलरवर हात फिरवून एखादी सपाट जागा लागते का तेही तपासा. काम संपल्यावर रोलर एकमेकांवर दाबून तसेच ठेवले तर रबराला किंवा सिलिकॉनला कायमची चपटी जागा पडते आणि मग दर फेऱ्याला ठरावीक अंतरावर हवेची आडवी रेघ उमटते. रात्री रोलर वर उचलून ठेवावेत, आणि रोलरवर फिल्म ठेवून कटर चालवण्याची सवय तर कोणालाच लागू देऊ नये.

चंदेरी झाक म्हणजे शाईच्या उंचवट्यांमध्ये राहिलेली सूक्ष्म हवा. यूव्ही शाई व्हिनाइलमध्ये न मुरता वरच घट्ट होते, त्यामुळे तिचा थर इतर शाईंपेक्षा उंच राहतो आणि ही झाक तिच्यावरच जास्त दिसते. दाब वाढवून आणि वेग कमी करून पाहावे. वरचा रोलर गरम होण्याची सोय असेल तर ४० ते ५० अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेने गम मऊ होऊन खाली उतरतो. थोडी झाक एक-दोन दिवसांत आपोआप कमी होते, तेव्हा लगेच काम रद्द करू नये. हाताने लॅमिनेशन करणाऱ्यांना मात्र मी यूव्ही प्रिंट टाळण्याचाच सल्ला देईन.

प्रश्न : महाबळेश्वरात आमचे लॉज आहे. बाहेरच्या सनबोर्डवरील प्रिंटच्या कडा पहिल्याच पावसाळ्यात पांढऱ्या पडून सुटल्या. बोर्डवाले म्हणतात, हाताने लॅमिनेशन केल्यामुळे असे झाले. हे खरे आहे का? — एक वाचक, महाबळेश्वर

उत्तर : अंशतः. वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावात पाणी कडेनेच आत शिरते, आणि कड उघडी असेल तर यंत्रावरचे लॅमिनेशनही ते थोपवू शकत नाही. बोर्डाच्या धारेशी काटेकोर कापलेला प्रिंट दिसायला नेटका असतो, पण तिथे व्हिनाइल, गम आणि फिल्म यांचे तिन्ही थर पावसाला तोंड देत उघडे राहतात. लॅमिनेट केलेला प्रिंट बोर्डाच्या धारेवरून वळवून मागे अर्धा-पाऊण इंच चिकटवून घ्यावा, किंवा चारही बाजूंनी ॲल्युमिनियमची पट्टी बसवून घ्यावी. दुसरे असे की स्वस्त मोनोमेरिक व्हिनाइल काळाबरोबर जास्त आकसते. बोर्ड दोन-तीन वर्षे टिकावा अशी अपेक्षा असेल तर त्यापेक्षा कमी आकसणारे पॉलिमेरिक व्हिनाइल आणि त्याच्याच जातीचे लॅमिनेशन मागावे. खाली एक आणि वर दुसरे असे वेगवेगळ्या जातीचे थर वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, आणि त्यांच्या ओढाताणीत कड सुटते. पुढचा बोर्ड जूनपूर्वी लावायचा असेल तर छपाई मे महिन्यातच उरकावी. पावसात छापलेला प्रिंट वाळायलाही वेळ घेतो आणि त्याच्या मागचा कागद दमट हवेत ओल धरून कडेने लाटा मारतो.

प्रश्न : खासगी बसच्या मागील काचेवरील वन वे व्हिजन (बाहेरून चित्र दिसते, आतून आरपार दिसते अशा) प्रिंटवर हाताने लॅमिनेशन करता येईल का? — एक वाचक, मिरज

उत्तर : करू नये. या व्हिनाइलला हजारो छिद्रे असतात आणि स्क्विजीचा दाब थोडा जास्त झाला की फिल्म छिद्रांत खचते. आतून पाहणाऱ्याला मग सगळे धुरकट दिसते. त्यासाठी वेगळी, स्वच्छ पारदर्शक अशी कास्ट फिल्म मिळते आणि ती यंत्रावरच, हलक्या ओढीने लावावी. लॅमिनेशन नसेल तर पावसात छिद्रांत पाणी भरून चालकाला मागचे दिसत नाही, म्हणून ते अजिबात टाळूही नये. फिल्म चारही बाजूंनी प्रिंटच्या बाहेर सुमारे १ सेंटिमीटर काचेवर चिकटेल अशी कापावी.

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या देखाव्याचे व्हिनाइल प्रिंट दहा दिवसांसाठी लावायचे आहेत. लॅमिनेशन करावे का? — एक कार्यकर्ता, तासगाव

उत्तर : मंडपाच्या आत असतील तर पैसे वाचवावेत. रांगेतील लोकांचे हात आणि खांदे ज्या पॅनेलला लागतात तेवढ्यांनाच मॅट फिल्म लावून घ्यावी. मॅट अशासाठी की ग्लॉसीवर हॅलोजनचा उजेड चमकतो आणि फोटोत अक्षरे जातात.

प्रश्न : उरलेले लॅमिनेशनचे रोल आणि तयार प्रिंट कसे ठेवावेत? — एक वाचक, सांगली

उत्तर : रोल त्याच्या मूळ प्लास्टिकच्या पिशवीत, टोके बंद करून उभा ठेवावा किंवा दांड्यावर अडकवावा, आडवा टाकून त्यावर दुसरा रोल ठेवला की दाबाच्या खुणा पडतात. किती उंचीवर ठेवावा हे २०१९ च्या महापुरानंतर सांगलीच्या दुकानदाराला मी सांगण्याची गरज नाही. तयार प्रिंट गुंडाळताना छापील बाजू बाहेर ठेवावी आणि गुंडाळी किमान ३ इंची नळीवर करावी. छापील बाजू आत ठेवली तर फिल्मवर दाब येऊन तिच्यात आडव्या सुरकुत्या उठतात, आणि प्रिंट बोर्डावर लावायला सोडवताना त्या पुन्हा बसत नाहीत.